डोळा नसलेला मोर: दीनची (धर्माची) चौकट आणि नवं सुचणं

ताणाबाणा

सलाम, नमस्कार. इथे बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

माझे अब्बा सोलापुरात चादरींची डिझाइनं काढायचे. पूर्व भागातल्या कारखान्यांसाठी चाळीसएक वर्षं त्यांनी हे काम केलं. आता वय ७९, नजर अधू झाली आहे. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जकार्डच्या मागावर नक्षी विणायची तर ती आधी ग्राफच्या कागदावर उतरवावी लागते. एक चौकोन म्हणजे ताण्याचा उभा धागा आणि बाण्याचा आडवा धागा एकमेकांना ओलांडतात ती जागा. रंगवलेला चौकोन म्हणजे ताणा वर, कोरा म्हणजे खाली. मग त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची, पत्ते ओळीनं ओवायचे आणि मागाच्या डोक्यावर चढवायचे. ही युक्ती फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास निघाली. आमच्या घरी ती जमिनीवर पसरलेली असायची आणि अम्मी म्हणायची, कागदावर पाय देऊ नका रे, अब्बांची रोजी आहे.

एका मालकाला मोर हवा होता. सोलापुरी चादर म्हटलं की मोर आलाच. अब्बा नमाजी माणूस. सजीवाचं चित्र काढायला आमच्यात बरेच जण मनाई मानतात, त्यामुळे त्यांचं मन घेत नव्हतं. नाही म्हणावं तर काम जाणार. तीन दिवस ते घरात कुणाशी धड बोलले नाहीत. चौथ्या दिवशी कागद तयार होता. मोर होता, पण मान मागे वळवून पिसाऱ्यात खुपसलेला. डोळा नाही, चोच नाही. मानेचा बाक कुठे संपतो आणि पीस कुठे सुरू होतं ते कळतच नव्हतं. बाजारातले बाकीचे मोर ताठ उभे असायचे, हा एकटा झोपलेला. अंगावर घ्यायच्या चादरीवर झोपलेला मोर लोकांना इतका आवडला की ते डिझाइन वर्षानुवर्षं चाललं.

आता प्रश्न. माझी भाची पुण्यात डिझाइनचं शिकते. ईदला आली होती तेव्हा म्हणाली, "मामू, हराम-हलालची यादी डोक्यात घेऊन बसलं की नवं काही सुचत नाही." मी तिला हा मोर सांगितला. ती म्हणाली, "नानांनी बंधन असूनही केलं, बंधनामुळे नाही."

तेव्हापासून हे 'असूनही' आणि 'मुळे' माझ्या डोक्यात घोळतंय. माझं मत 'मुळे'कडे झुकतं. मनाई नसती तर अब्बांनी इतरांसारखाच ताठ मोर काढला असता आणि आज तो कुणाला आठवलाही नसता. पण मी मुलगा आहे, माझं मत आपल्या माणसाकडे झुकणारच. तुमचे अनुभव सांगा. मुसलमान असाल-नसाल, दोन्हीकडून ऐकायचंय.

कडकभाकरी

सोलापूरच्या धाग्यावर रुमाल काय टाकायचा, टॉवेल टाकून ठेवतो. सावकाश येतो.

सातरस्ता

लेखन आवडलं. मोर तर डोळ्यांसमोर उभा राहिला, म्हणजे झोपला.

पण भाची बरोबर बोलतेय असं मला वाटतं. अडचण आली की माणूस वाट काढतो, यात इस्लामचं काय? मालकानं 'हिरवा रंग संपलाय' म्हटलं असतं तरी तुमच्या अब्बांनी काहीतरी नवं काढलंच असतं. हुशारी त्यांची, श्रेय नियमाला का द्यायचं? आणि मुळात नवीन काही केलं की त्याला बिदअत म्हणतात ना तुमच्यात? जिथे 'नवीन' हाच शब्द गुन्ह्यासारखा वापरला जातो तिथे कल्पकतेला जागा कुठे उरते? खोचकपणे विचारत नाहीये. माझे जुने शेजारी हा शब्द सारखा वापरायचे, त्यावरून विचारतोय.

दख्खनी

सातरस्ता, बिदअतचा विषय काढलात ते बरं केलंत. आमच्या आमच्यातही त्याचा फार घोळ आहे.

शब्दाच्या मुळापासून सुरुवात करतो. बा, दाल, ऐन ही तीन अक्षरं. याच मुळातून कुरआनात अल्लाहसाठी 'बदीउस्समावाति वल अर्द' असं आलंय, सूरह बकराची ११७ वी आयत. आधीचा कुठलाही नमुना समोर नसताना आकाश आणि पृथ्वी घडवणारा, असा त्याचा अर्थ. म्हणजे 'बिदअत' आणि 'बदीअ' ही एकाच घरातली भावंडं. लहानपणी मला एवढंच कुणी सांगितलं असतं तर माझी निम्मी भीती गेली असती.

मनाई आहे ती इबादतीत, म्हणजे उपासनेत, आपल्या मनानं भर घालण्याला. तिथेही दुसरे खलिफा हजरत उमर यांनी तरावीहसाठी, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या नमाजसाठी, विखुरलेल्या लोकांना एका इमामामागे उभं केलं आणि म्हणाले, ही किती चांगली बिदअत! पुढे इमाम शाफईंनी स्तुत्य आणि निंद्य असे तिचे दोन भाग केले. काही आलिम (धर्मपंडित) हे विभाजन मानत नाहीत, उमर यांनी तो शब्द फक्त भाषेतल्या अर्थानं वापरला असं ते म्हणतात. पण एका गोष्टीवर बहुतेकांचं एकमत आहे. इबादतीत सांगितलंय तेवढंच करायचं, आणि दुनियेच्या व्यवहारात मनाई सापडत नाही तोवर सगळं मोकळं. माग, चादर, यंत्र, दुकान, शाळा हे सगळं या दुसऱ्या खात्यात येतं.

मला सगळ्यात जवळची वाटते ती खजुराची हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद. मदिनेतले लोक नर झाडाचा फुलोरा मादी झाडाला लावायचे. पैगंबर (स.) म्हणाले, याचा काही उपयोग होत असेल असं मला वाटत नाही. लोकांनी ते सोडून दिलं आणि त्या वर्षी खजूर नीट धरला नाही. तेव्हा ते म्हणाले, तुमच्या दुनियेच्या गोष्टी तुम्हालाच जास्त कळतात. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे ही. जो माणूस दीनचा शेवटचा शब्द मानला जातो, तो शेतीचा शब्द शेतकऱ्याकडे परत सोपवतो. कारागिराला याहून मोठी मोकळीक कुणी दिलेली मला माहीत नाही.

आणि खंदकाची लढाई. इ.स. ६२७ मध्ये मदिनेवर मोठी फौज चालून आली, तेव्हा सलमान फारसी यांनी खंदक खणायची इराणी पद्धत सुचवली. अरबांना ती ठाऊक नव्हती. परक्या मुलखातली युक्ती म्हणून कुणी ती झिडकारली नाही, पैगंबर (स.) स्वतः माती वाहत होते.

राहिला इज्तिहाद, म्हणजे स्वतः विचार करून निर्णय काढणं. काजीनं पूर्ण अक्कल लावून निवाडा दिला आणि तो बरोबर निघाला तर दोन सवाब (पुण्य), चुकला तर एक. चुकला तरी एक! ही गोष्ट काजीसाठी सांगितली आहे हे खरं, उठसूट कुणीही स्वतःला लावून घ्यायची नाही. पण प्रामाणिक चुकीला जिथे मोल आहे तिथे माणसं विचार करायला धजावतात.

सातरस्ता

दख्खनी, मनापासून आभार. बदीअचं माहीत नव्हतं, आणि खजुराची गोष्ट तर पहिल्यांदाच ऐकली.

तरी इतिहास इतका सरळ नाही. मक्केत १५११ मध्ये कॉफीवर बंदी घातली गेली होती. इस्तंबूलमध्ये मुसलमानाच्या छापखान्यातून पहिलं पुस्तक निघालं ते १७२९ मध्ये, इब्राहिम मुतेफर्रिकाच्या छापखान्यातून. युरोपात तोवर पावणेतीनशे वर्षं पुस्तकं छापली जात होती. तुमची तत्त्वं सुंदर आहेत, पण ती वापरणारी माणसं घाबरट असली तर काय उपयोग?

दख्खनी

कॉफीची बंदी कैरोहून लवकरच उठवली गेली. छापखान्याला अखेर परवानगी मिळाली तीही शेखुल इस्लामच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च मुफ्तीच्या फतव्यानंच, सुरुवातीला धार्मिक पुस्तकं सोडून. उशिराची कारणं अनेक आहेत, नकलनवीसांची रोजी, राजकारण, वाचकांची सवय. पण घाबरटपणाचं तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे. तो मी घरात पाहिलाय.

साबिरा

मी पण घरातच पाहिलाय, म्हणून लिहितेय. इतके दिवस लिहावं की नको असं चाललं होतं.

माझं माहेर लष्कर भागातलं. नववीत असताना माझ्याकडे एक वही होती, शंभर पानी, मागून रेघा नसलेली. मी माणसांचे चेहरे काढायचे. भाजीवाली मौशी, बसचे कंडक्टर, झोपलेली आजी. आजीच्या गालावरच्या सुरकुत्या मला इतक्या छान जमल्या होत्या की तिनं स्वतः बोट फिरवून पाहिल्या होत्या. एका नातेवाइकानं ती वही पाहिली, उभी फाडली आणि पाणी तापवायच्या बंबात घातली. त्या पाण्यानं मी दुसऱ्या दिवशी अंघोळ केली. त्यांनी मला एकही हदीस सांगितली नाही, फक्त आवाज चढवला. अम्मी गप्प राहिली. मी त्यानंतर पेन्सिल धरलेली नाही, आता माझी मुलगी नववीत आहे.

ताणाबाणा भाई, तुमच्या अब्बांची गोष्ट वाचून डोळ्यात पाणी आलं, आणि खरं सांगते, थोडा रागही आला. त्यांना विचार करायला तीन दिवस मिळाले. निर्णय त्यांचा होता, बंधन त्यांनी स्वतःवर घातलं होतं. मला तीन मिनिटं मिळाली नाहीत. 'बंधनामुळे सुचतं' हे ज्याच्या हातात कागद राहिला तोच म्हणू शकतो.

ताणाबाणा

साबिरा बाजी, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. माझ्या प्रश्नात हा फरक नव्हता, तो तुम्ही दाखवलात. स्वतःहून मानलेली हद्द आणि दुसऱ्यानं लादलेली हद्द, या दोन गोष्टी मी एकाच पोत्यात भरल्या होत्या. भाचीला फोन करून हे सांगणार आहे.

अनघा_के

साबिरा, काय बोलू? मिठी मारते तुला. नवरात्रात आमच्याकडेही 'मुलीच्या जातीला' म्हणून माझी ढोलकी काढून घेतली होती. धर्म वेगळा, आवाज चढवणारा माणूस तोच.

तालिबइल्म

मी मदरशात शिकलोय, आता शाळेत उर्दू शिकवतो. चित्राबद्दल जे वाचलंय ते मांडतो. फतवा देणं माझं काम नाही.

चित्र काढणाऱ्यांबद्दलच्या हदीसी कडक आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्यांच्याच शेजारी दुसऱ्याही आहेत, आणि गंमत म्हणजे त्या कापडाबद्दल आहेत. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा यांनी घरात चित्रांचा पडदा लावला होता. पैगंबरांना (स.) तो आवडला नाही. मग आयशांनी तो कापून त्याच्या उशा केल्या आणि त्या उशा घरात वापरल्या. यावरून पुष्कळ फकिहांनी (धर्मकायद्याच्या जाणकारांनी) म्हटलं की मानानं टांगलेलं चित्र वेगळं आणि अंथरा-पांघरायच्या, पायाखालच्या वस्तूवरचं वेगळं. ताणाबाणा, तुमच्या अब्बांना चादरीवरच्या मोरासाठी इथे सवलत शोधता आली असती. त्यांनी ती घेतली नाही, हे मला विशेष वाटतं.

दुसरी हदीस पैगंबरांचे साथी इब्न अब्बास यांची, बुखारी या हदीससंग्रहात आहे. एक माणूस त्यांच्याकडे आला, म्हणाला, माझं पोट हाताच्या कारागिरीवर आहे, मी ही चित्रं काढतो. इब्न अब्बास यांनी त्याला आधी मनाईची हदीस ऐकवली. माणसाचा चेहरा पिवळा पडला. तेव्हा ते म्हणाले, करायचंच असेल तर झाडं काढ, ज्यात रूह (जीव) नाही असं काहीही काढ. त्याची रोजी बुडू दिली नाही, त्याला दुसरी वाट दाखवली.

आणि मतभेद आजचे नाहीत. सावली पडणारी मूर्ती आणि सपाट चित्र यांत मालिकी पंथाच्या फकिहांपैकी पुष्कळांनी फरक केला. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह १९०५ मध्ये वारले, त्यांनी चित्रकलेच्या उपयोगाबद्दल चांगलं लिहिलंय. त्यांच्यानंतरच्या मुहम्मद बखीत अल मुतीई यांनी फोटो म्हणजे सावली धरून ठेवणं असं म्हणून त्याला मोकळीक दिली. बाजी, तुमची वही फाडणाऱ्यानं यातलं काहीही वाचलं नसावं. मुलीची वस्तू तिला न विचारता जाळणं, तिचं मन मोडणं, याला कुठला आधार आहे ते मला सापडलेलं नाही.

साबिरा

तालिबइल्म भाई, जझाकल्लाह. इतक्या नरमीनं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण एक सांगा. 'झाडं काढ' हे त्या कारागिराला पुरलं असेल. मला माणसांचे चेहरे बघायची ओढ होती. आजी वारली तेव्हा घरात तिचा एकच फोटो निघाला, रेशन कार्डावरचा. तो काही ती नव्हती.

हातमाग

नीतीबद्दल बोलताय तर चित्र-संगीतातच का अडकायचं? धंद्यातली नीती बघा. मी पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातला, घरात तेलुगू, बाहेर मराठी. मागाशेजारी माग लावून मोमीन (मुसलमान विणकर) घरांबरोबर वाढलो.

आमच्याकडे डिझाइन चोरीला जायचं. नवं काढून बाजारात आणलं की आठ-दहा दिवसांत दुसऱ्याच्या मागावर तेच, फक्त कडेचा रंग बदललेला. पत्ते पाडणाऱ्याकडून दुसरी जोडी बाहेर जायची. त्यामुळे मालक म्हणायचे, नवं काढायचं कशाला, दोन दिवस थांबा, कुणीतरी काढेल, मग उचलू. सगळेच थांबले तर काढणार कोण? सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं, पण त्यानं गावाचं नाव वाचतं. कारागिराची नक्षी आपल्या आपण वाचत नाही.

माझ्या कारखान्यात एक जॉबर (माग जुळवणारे कारागीर) होते, मुसलमान, मी त्यांना चाचा म्हणायचो. एकदा मी दुसऱ्याच्या टॉवेलचा नमुना आणला आणि म्हणालो, चाचा, हा बसवा. त्यांनी टॉवेल उलटा केला, पालथा केला, नखानं सुताचा पीळ बघितला, घडी घालून माझ्या हातात दिला. म्हणाले, "बसवतो, पण याचं पाप तुमच्या नावावर लिहा, माझ्या नको." मी तो नमुना परत नेला. त्या हंगामात आम्ही कडेला गोपुराची नक्षी काढली, साधीच, पण आमची. चाचांच्या त्या एका वाक्यामुळे ती निघाली. म्हणून माझं मत 'मुळे'.

वकीलबाई

हातमाग यांनी महत्त्वाचं लिहिलंय. नक्षीची नोंदणी करता येते, डिझाइन कायदा २००० चा आहे. बाजारात आणण्याआधी अर्ज करावा लागतो, आणि घोडं तिथेच पेंड खातं. मुस्लिम अशिलांना मी आणखी एक सांगते. १९८८ मध्ये कुवेतच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय फिकह (इस्लामी धर्मकायदा) अकादमीनं ठराव केला की लेखन, शोध, व्यापारी नाव यांवरचे हक्क शरीयतनुसार राखलेले आहेत, त्यांवर हात टाकणं जायज नाही. कागदी कायद्यापेक्षा हे लवकर पटतं, असा माझा अनुभव आहे.

आणि 'जो आम्हाला फसवतो तो आमच्यातला नाही' ही हदीस मूळ धान्याच्या ढिगाची आहे. वरून कोरडं, आत हात घातला तर ओलं. वरून जाड आणि धुतला की विरळ, अशा टॉवेललाही ती लागू पडते.

बार्शीकर

अवांतर: शाहीर अमर शेख आमच्या बार्शीचे, जन्म १९१६, मूळ नाव मेहबूब पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या डफाशिवाय सभा भरत नसे. आणि पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये सोलापुरातच झालं. माझे वडील सायकलीवर गेले होते ऐकायला. सोलापूर या विषयात मागे नाही एवढंच म्हणायचंय.

कडकभाकरी

आलो परत. सगळे प्रतिसाद वाचले, डोकं गरगरायलंय. दीनचं मला काय कळत नाही, पण रमजानमध्ये विजापूर वेशीत जाऊन कबाब खाल्ल्याशिवाय माझा महिना जात नाही. दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि तरी संध्याकाळी विकायला इतकं चवदार बनवतात, मीठ चाखूनही बघत नाहीत! त्याला कल्पकता नाही तर काय म्हणायचं बे?

तालिबइल्म

कडकभाकरी, तुमचं निरीक्षण अगदी खरं आहे. माझी अम्मी वासावरून मीठ ओळखते. या रमजानला या, इफ्तार आमच्याकडे.

खडूफळा

मी गणित शिकवते, आठवीला. धर्मानं मुसलमान नाही. माझा अनुभव चौकोनांचा आहे.

दरवर्षी मुलांना कंपासनं एक वर्तुळ काढायला लावते. त्यात एक चौरस. मग तोच चौरस ४५ अंशांनी फिरवून दुसरा. आठ टोकांची चांदणी तयार होते. एवढं झालं की मी सांगते, आता रेघा वाढवा, पण फक्त पट्टी आणि कंपास, हातानं काहीही काढायचं नाही. पहिली दहा मिनिटं कुरकुर चालते. मग वर्ग शांत होतो. एका मुलानं रेघा वाढवत नेल्या तर त्याच्या चांदण्यांच्या मधे आपोआप छोटे पतंग तयार झाले, तो ओरडलाच, "मॅडम, हे मी काढलं नाही, हे आलं!" ज्या वर्षी मी 'काय हवं ते काढा' म्हटलं त्या वर्षी मला तीस घरं आणि तीस डोंगरांमागचे सूर्य मिळाले.

मग सहल विजापूरला. सोलापूरहून शंभरएक किलोमीटर, तेवढं तर जवळच. गोल घुमटात सगळी मुलं वर आवाज घुमवायला पळतात, मी त्यांना आधी खाली उभं करून वर बघायला लावते. घुमट बाहेरून ४४ मीटर रुंद, खाली चौकोनी खोली, मधे एकही खांब नाही. चौकोनावर गोल बसवला कसा? दोन फिरवलेल्या चौरसांच्या आठ कमानी एकमेकींना छेदत जातात आणि त्यांच्यावर तो गोल टेकतो. वर्गात कागदावर काढलेली तीच चांदणी तिथे वजन पेलत उभी असते. महंमद आदिलशहाची कबर आहे ती, तो १६५६ मध्ये वारला.

माणसाचं चित्र टाळायचं म्हणून मशिदी-मकबऱ्यांत भूमिती एवढी वाढली, हे कारण पुरेसं नाही असं मला वाटतं. गणिताची आवड होती, जुन्या इराणी-रोमी कारागिरांचा वारसा होता. पण जिथे चेहरा काढता येत नाही तिथे कारागिराची सगळी बुद्धी रेघेत उतरली, हेही खरं. आणि त्याच विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारात चित्रकार माणसांची सुंदर चित्रं काढत होते, राजा स्वतः दख्खनी भाषेत गाण्यासाठी पदं रचत होता आणि त्यात सरस्वतीला नमन करत होता. एकाच गावात दोन्ही. म्हणून साबिरा, तुम्हाला चेहरे काढायचे असतील तर तुमच्या मागेही परंपरा आहे, विजापूरचीच.

सातरस्ता

मॅडम, तीस घरं आणि तीस सूर्य हे मला पटलं. मी माझं मत थोडं बदलतोय. श्रेय नुसत्या नियमाला नाही, पण नियम मनापासून मानणारा माणूस आणि नुसती अडचण आलेला माणूस यांत फरक आहे. हिरवा रंग संपला असता तर अब्बांनी दुसऱ्या दिवशी बाजारातून आणला असता.

ताणाबाणा

काल रात्री इशाच्या नमाजनंतर अब्बांना हा सगळा धागा वाचून दाखवला. दोन तास लागले. मधे दोनदा चहा झाला. त्यांनी जे सांगितलं ते शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत लिहितो.

मोराच्या गोष्टीत मी एक सांगितलं नव्हतं, कारण मला ते माहीतच नव्हतं. मान पिसाऱ्यात खुपसण्याआधी त्यांनी मोराचं डोकं काढून पाहिलं होतं. म्हणाले, "आपल्या ग्राफवर मोराचा डोळा म्हणजे चार चौकोन. चार चौकोनांत डोळा काढला की तो भोकासारखा दिसतो. दोन काढले तर धाग्याची गाठ वाटते. मला तो जमत नव्हता आणि दिलालाही पटत नव्हता. दोन्ही एकदमच होतं. कुठलं आधी, अल्लाहला ठाऊक."

मी विचारलं, मग पहिल्यापासून मनाई म्हणून टाळला असं आम्हाला का वाटलं? म्हणाले, "तुझ्या दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना तसं सांगितलं, ते खूश झाले. खोटं नव्हतं. पण अर्धंच होतं." मग थोडं थांबून म्हणाले, "तिसऱ्या रात्री मुसल्ल्यावर बसलो होतो. समोरच्या जानमाजवर (नमाजच्या चटईवर) वेल होती, ती वळून स्वतःमध्येच शिरत होती. तिथे मान वळवायचं सुचलं."

म्हणजे 'असूनही' की 'मुळे' याचं उत्तर त्यांच्याकडेही नाही, आणि त्यांना त्याची फिकीरही नाही. हातमाग यांच्या चाचांचं वाचलं तेव्हा मात्र ते उठून बसले. म्हणाले, "आमच्या वेळी डिझाइन उचलणाऱ्याच्या घरी मी लग्नाला जात नसे."

साबिरा बाजी, तुमचा प्रतिसाद त्यांनी मला तीनदा वाचायला लावला. म्हणाले, "त्या पोरीला लिही की वही परत घे. चेहरा काढायचा की नाही ते ती आणि तिचा रब बघतील. पण हात थांबवू नको म्हणावं, हात अमानत आहे."

अनघा_के

आजोबांना नमस्कार सांगा.

हातमाग

अब्बांनी कुठल्या कुठल्या कारखान्यांना डिझाइनं दिली ते कधीतरी लिहून घ्या. आमच्या गोदामात जुने पत्ते पडलेत, त्यात त्यांचा मोर असला तर मागावर चढवून बघू. ओढून घ्यायला दोन माणसं लागतील, मी येतो.

साबिरा

चार दिवसांनी येतेय.

शंभर पानी वही आणली, मागून रेघा नसलेली. मुलगी म्हणाली, अम्मी, माझ्यासाठी का? मी म्हटलं, नाही, माझ्यासाठी. झाड काढायला बसले होते, घरामागचं लिंबाचं. पण समोर अम्मी पोळ्या लाटत होती, त्यामुळे तिचे हात काढले. चेहरा नाही काढला. घाबरून नव्हे, आज हातच बघावेसे वाटले. चेहरा पुढच्या पानावर काढेन, तिला विचारून. फोटो खाली जोडतेय. अब्बांना दाखवा.

ताणाबाणा

दाखवला. मोबाइल डोळ्यांपाशी नेऊन त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "लाटण्यावरचा दाब बरोबर आलाय. फक्त अंगठ्याची सावली उलट बाजूला पडलीय, तेवढी दुरुस्त करायला सांग."